बाबांच्या कोरड्या पायांना पॅराफिनचं मलम : लावत राहू की थांबवू?

अजनीची_लेक । ७ डिसेंबर, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतीच वाचक होते, आज गरज पडली म्हणून लिहिते आहे.

माझे बाबा ७४ वर्षांचे. नागपूरला अजनीच्या लोको शेडमधून (रेल्वेची इंजिनं दुरुस्त करतात तिथून) फिटर म्हणून निवृत्त झाले, आता आमच्याकडेच असतात. थंडी पडली की त्यांच्या नडग्यांची कातडी पांढरी होते आणि उन्हाळ्यात काळ्या वावराला भेगा पडतात तशी तडकते. रात्री झोपेत इतकं खाजवतात की सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके असतात. मागच्या आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं. साखर, किडनी, थायरॉइड सगळं तपासून झालं, त्यात काही निघालं नाही. वयामुळे आणि थंडीमुळे कातडी कोरडी झाली आहे म्हणाले. पांढरं सॉफ्ट पॅराफिन (म्हणजे व्हॅसलिनसारखी पेट्रोलियम जेली) आणि लिक्विड पॅराफिन (म्हणजे खनिज तेल, मिनरल ऑइल) असलेलं मलम दिलं आहे, दिवसातून दोनदा लावायला.

बाबांनी ट्यूब उघडली, थोडं मलम दोन बोटांत घेऊन चोळून पाहिलं, वास घेतला आणि म्हणाले, "हे त ग्रीस हाय. जलमभर बेअरिंगले लावलं, आता मले लावून राहिली का?"

मला त्यांचं म्हणणं उडवून लावता येत नाही. शेडमधल्या तेलाने त्यांच्या हातांवर आणि मांड्यांवर बारीक काळ्या तोंडाचे फोड यायचे, ते मी लहानपणी पाहिले आहेत. घरी आले की रॉकेलने हात धुवायचे आणि आई त्यावरून रोज रागवायची. अशा माणसाला "डॉक्टरांनी दिलंय ना, लावा" एवढं सांगून भागत नाही.

त्यात पुण्याहून बहिणीने मेसेज पाठवला: हा पेट्रोलचा उरलेला कचरा आहे, याने कॅन्सर होतो, कातडीचा श्वास कोंडतो. शेजारच्या काकू म्हणतात तिळाचं तेल लाव, हे सगळं सोड. आणि तीन दिवस लावूनही फरक फारसा दिसत नाही, संध्याकाळपर्यंत पाय पुन्हा कोरडे.

ज्यांना खरंच माहिती आहे त्यांनी कृपया सांगावं. मला बाबांना समजेल असं उत्तर हवं आहे.

---

वऱ्हाडी_माणूस । ७ डिसेंबर, रात्री १०.४१

ताई, आमच्या घरी तीन पिढ्या व्हॅसलिन वापरून राहिल्या, कोणाले काही झालं नाही. आजी हिवाळ्यात ओठाले, टाचेले, बैलाच्या खांद्याले, सगळ्याले तेच लावे.

पण एक सांगतो. सुटं घेऊ नका. दोन वर्षांआधी मी बाजारातून डब्यातली सुटी जेली आणली, स्वस्त होती. पिवळी, अन् जराशी रॉकेलसारखी घाण येत होती. टाचेले लावली तर रात्रभर आग झाली. मग ती ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या टर्मिनलले लावली, तिथं बरी चालली.

---

अंबाझरीकाठ । ७ डिसेंबर, रात्री ११.०५

मी थांबवलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत खनिज तेल पहिल्या गटात आहे, म्हणजे माणसात कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींमध्ये. हे मी स्वतः वाचलं आहे, फॉरवर्डवरून सांगत नाही. घरात लहान मुलं आहेत म्हणून आम्ही बेबी ऑइलसुद्धा बंद केलं.

---

एलआयटी_८९ । ८ डिसेंबर, सकाळी ६.५०

अंबाझरीकाठ यांनी लिहिलेलं अर्धं बरोबर आहे. ते अर्धं महत्त्वाचंही आहे, म्हणून जरा लांब लिहितो. मी इथल्याच एलआयटीतून (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) ऑइल टेक्नॉलॉजी केलं आणि पुढची बरीच वर्षं क्रीम-लोशनच्या कारखान्यांत कच्चा माल तपासला.

पहिल्या गटात आहेत ती अशुद्ध किंवा अर्धवट शुद्ध केलेली खनिज तेलं. त्याच यादीत पूर्ण शुद्ध केलेली तेलं तिसऱ्या गटात आहेत, म्हणजे त्यांना कर्करोगकारक ठरवण्याइतका पुरावा नाही. नाव एकच, वस्तू दोन.

पहिल्या गटाचा इतिहास भयंकर आहे. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या सूतगिरण्यांत म्यूल नावाची कताईची यंत्रं असायची. त्यांच्या चात्यांना (सूत गुंडाळणाऱ्या सळ्यांना) खनिज तेल घालत आणि फिरत्या चात्यांवरून ते उडत राही. कामगार दिवसभर यंत्रावर वाकलेला, तेल विजारीत मुरलेलं, असं वीस-तीस वर्षं. त्यांना अंडकोषाच्या कातडीचा कॅन्सर होऊ लागला. १९२२ मध्ये मँचेस्टरच्या डॉक्टरांनी हा संबंध मांडला.

त्या तेलात घातक होतं ते काय? कच्च्या तेलाच्या जड भागात दोन तऱ्हेचे रेणू असतात. एक म्हणजे कार्बनच्या साध्या साखळ्या, त्यांना भरपूर हायड्रोजन चिकटलेला. या आळशी असतात, कशाशीच सहजी प्रक्रिया करत नाहीत. दुसरे कड्यांचे, अॅरोमॅटिक. एकाला एक जोडलेल्या तीन किंवा जास्त कड्या असल्या की त्यातले काही रेणू पेशीच्या डीएनएला इजा करू शकतात. शुद्धीकरण म्हणजे या कड्या काढून टाकणं. पूर्वी हे तीव्र सल्फ्युरिक आम्लाने करत, आता मोठ्या दाबाखाली हायड्रोजन देऊन करतात. शेवटी जे उरतं ते पाण्यासारखं स्वच्छ, वास नाही, चव नाही.

कड्या खरंच गेल्या का हे तपासायची रीत फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या दर्जाच्या अधिकृत ग्रंथात, दिलेली आहे. तेल एका खास द्रावकाबरोबर हलवायचं. कड्या शिल्लक असतील तर त्या द्रावकात उतरतात. मग तो थर वेगळा करून अतिनील प्रकाश किती शोषतो ते मोजायचं. ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला तर माल परत. मी स्वतः असे पिंप परत पाठवले आहेत.

म्हणून ट्यूबवर आयपी ही अक्षरं आहेत का बघा, म्हणजे इंडियन फार्माकोपिया. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या मलमावर ती असतात. साध्या कॉस्मेटिकवर घटकांची यादी असते, त्यात पॅराफिनम लिक्विडम, पेट्रोलॅटम, मिनरल ऑइल यांपैकी एखादं नाव सापडेल. उत्पादकाचा पत्ता आणि लायसन्स नंबर मात्र हवाच. वऱ्हाडी_माणूस यांची जेली यंत्राच्या दर्जाची असणार. ती बॅटरीला लावली हे फार चांगलं केलं.

ताई, तुमच्या बाबांसाठी एक गोष्ट. या जेलीची सुरुवात खरोखर यंत्रावरूनच झाली. १८५९ मध्ये रॉबर्ट चेझब्रो नावाचा तरुण रसायनतज्ज्ञ अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या टायटसव्हिल गावी नव्या तेलविहिरी बघायला गेला. तिथे पंपाच्या सळ्यांवर एक मेणचट थर जमायचा, पंप अडायचे, कामगार वैतागून तो खरवडून टाकायचे. पण हात कापला, भाजला की तोच थर जखमेवर लावायचे. त्याने तो डब्यात भरून घरी नेला, कित्येक वर्षं गाळून-गाळून स्वच्छ केला आणि १८७२ मध्ये पेटंट घेतलं.

तुमच्या बाबांच्या हाताला आलेले फोड हे कच्च्या वंगणाचे होते. त्यांचा अनुभव शंभर टक्के खरा आहे. तो त्या तेलाबद्दल खरा आहे.

---

धरमपेठकर । ८ डिसेंबर, सकाळी ९.१५

उत्तम माहिती. "कातडीचा श्वास कोंडतो" याबद्दलही लिहा ना. माझी मुलगी अकरावीत आहे, तिला मुरुमांचा त्रास. पार्लरवाली म्हणाली मिनरल ऑइल असलेलं काहीच लावू नको.

---

एलआयटी_८९ । ८ डिसेंबर, सकाळी ९.५८

श्वास आपण फुप्फुसांनी घेतो. कातडीच्या वरच्या थरांना हवेतून थोडा ऑक्सिजन मिळतो, पण मलमाने कोणाची कातडी गुदमरत नाही. कोंडतं ते पाणी. आणि कोंडावं म्हणूनच ते लावायचं असतं.

मुरुमांची गोष्ट अशी. पूर्वी असे घटक सशाच्या कानाला लावून रंध्रं बुजतात का ते पाहत. सशाचा कान माणसाच्या चेहऱ्यापेक्षा फार लवकर बुजतो, शिवाय तेव्हाच्या तेलांचा दर्जाही वेगवेगळा असे. शुद्ध, कॉस्मेटिक दर्जाच्या खनिज तेलाने माणसाच्या चेहऱ्यावर रंध्रं बुजतात असं नंतर दिसलं नाही. तरीही तेलकट चेहऱ्याच्या मुलीला मी जाड जेली लावायला सांगणार नाही. तिला गरजच नाही त्याची. हलकं, पाण्याचं लोशन पुरे.

---

अजनीची_लेक । ८ डिसेंबर, रात्री ९.३०

काका, मनापासून आभार. जेवण झाल्यावर तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. सळ्यांवरच्या मेणाशी त्यांनी मला थांबवलं आणि तेवढा भाग पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाले, "म्हणजे हे गाळलेलं हाय. आमचं बिनगाळलेलं होतं." बराच वेळ गप्प होते. नंतर आपणहून त्यांच्या एका सोबत्याबद्दल बोलले, ज्याचे हात शेवटपर्यंत बरे झाले नाहीत. हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

आता लावायला तयार आहेत. पण टिकत का नाही ते कोणी सांगेल का?

---

सिस्टर_कुंदा । ८ डिसेंबर, रात्री १०.१०

बेटा, तू बाबांना कधी लावतेस? दुपारी, कोरड्या पायावर, हो ना? मी चौतीस वर्षं वॉर्डात काढली, दहांतले आठ जण असंच लावतात.

या मलमात पाणी नसतं. ते कातडीला ओल देत नाही, आत असलेली ओल बाहेर जाऊ देत नाही, बस. वरणाच्या पातेल्यावर झाकण ठेवतो तसं समज. पातेल्यात पाणीच नसेल तर झाकण ठेवून काय शिजणार? पेट्रोलियम जेली कातडीतून उडून जाणारं पाणी जवळजवळ ९८ टक्के अडवते, दुसरी बरीचशी तेलं वीस-तीस टक्केच. पण अडवायला आधी पाणी तर हवं.

आता मी सांगते तसं कर. कोमट पाण्याची आंघोळ, पाच ते दहा मिनिटं. हिवाळ्यात आपल्याकडे म्हातारी माणसं बादलीभर कढत पाणी घेतात अन् लाल साबण खसाखसा घासतात. यानेच अर्धी कातडी जाते. नडग्यांना साबण लावूच नको, पाणी पुरे. टॉवेलने पुसायचं नाही, टिपायचं. पाय ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत मलम. ट्यूब असेल तर ठीक, डबी असेल तर स्वच्छ चमच्याने काढ, बोट बुचकळू नको. गुडघ्याकडून घोट्याकडे, केस ज्या दिशेने असतात त्या दिशेने, हलक्या हाताने पसरव. उलटं चोळलं की केसांच्या मुळाशी पुळ्या येतात. चकचकीत दिसलं पाहिजे. अर्ध्या तासात जिरल्यासारखं वाटेल.

पायाच्या बोटांच्या बेचक्यांत लावायचं नाही. जांघेत, काखेत नाही. तिथे ओल कोंडली की बुरशी वाढते. गजकर्णावर तर मुळीच नाही.

टाचा जाड झाल्या असतील तर नुसत्या पॅराफिनने भागत नाही, डॉक्टरांना युरिया असलेल्या क्रीमचं विचार.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: लावल्यावर बाबांना बाथरूममध्ये उभं राहू देऊ नको. फरशीवर एक थेंब पडला तरी पाय सटकतो. बाहेर खुर्चीवर बसवून लाव, तळपायाला लावलं तर सुती मोजे घाल. खुब्याचं हाड मोडून आलेले किती म्हातारे मी पाहिले. कातडी महिनाभरात भरून येते, खुब्याचं तसं नसतं.

---

वैद्यांची_सून । ९ डिसेंबर, दुपारी १.२५

सगळं वाचलं. पॅराफिन वाईट नाही हे मान्य, पण मग आपल्या तेलांनी काय घोडं मारलं? आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या तिळाचं तेल आणि खोबरेल वापरतात. बाळाला, बाळंतिणीला, म्हाताऱ्यांना. पॅराफिनमध्ये कातडीला खायला काहीच नाही. तेलात स्निग्धाम्लं असतात, ती कातडीला उपयोगी पडतात. अभ्यंग सोडून ट्यूबच्या मागे का लागायचं?

---

एलआयटी_८९ । ९ डिसेंबर, दुपारी ३.४०

वहिनी, तुमच्या बाजूने पुरावा आहे, तो मीच देतो. फिलिपिन्समध्ये ११७ मुलांवर आठ आठवड्यांची चाचणी झाली, २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. सौम्य ते मध्यम एक्झिमा (इसब) असलेल्या मुलांना एका गटात शुद्ध खोबरेल आणि दुसऱ्या गटात खनिज तेल लावलं. खोबरेलाचा गट जास्त सुधारला. खोबरेलातलं लॉरिक आम्ल काही जंतूंना आवर घालतं, तेही कारण असू शकतं.

पण "नैसर्गिक तेल" अशी एक जात नाही. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल फार, ते कातडीचा पडदा सैल करतं असं दिसलं आहे, मोठ्यांत आणि तान्ह्यांतही. मोहरीच्या तेलानेही बारीक इजा होते. बंगालकडे बाळाला तेच चोळतात म्हणून इथेही काही जण आता आणू लागले आहेत, त्यांना जरूर सांगा. तिळाच्या तेलाला माझी हरकत नाही.

आणि पॅराफिनमध्ये "खायला काही नाही" हाच भेगाळलेल्या कातडीवर त्याचा गुण ठरतो. त्यात सुगंध नाही, प्रथिनं नाहीत, खवट होत नाही. अॅलर्जी इतकी क्वचित की नवलच. तडकलेल्या कातडीला वासाचं, मसालेदार तेल लावलं तर आग होते, तिथे हे चालतं.

शिवाय ७ डिसेंबरला पहाटे आमच्या खिडकीतली खोबरेलाची बाटली गोठलेली होती, गरम पाण्यात बुडवून काढावी लागली. २०१८ च्या डिसेंबरात नागपूर ३.५ अंशांवर उतरलं होतं, तेव्हाचं तर विचारू नका.

इंग्लंडमध्ये ५५० मुलांवर लोशन, क्रीम, जेल आणि मलम असे चारही प्रकार लावून पाहिले, २०२२ मध्ये निकाल आला. एक्झिमाच्या बाबतीत एकही प्रकार दुसऱ्यापेक्षा वरचढ ठरला नाही. माणूस जे कंटाळा न करता रोज लावेल, ते त्याच्यासाठी चांगलं.

---

वैद्यांची_सून । ९ डिसेंबर, दुपारी ४.०२

खोबरेलाबद्दल लिहिलंत, आनंद झाला. मोहरीचं माहीत नव्हतं. नणंदेच्या बाळाला तेच चालू आहे, आजच फोन करते.

---

निळी_छत्री । ९ डिसेंबर, संध्याकाळी ७.३०

मी वापरत नाही, पण माझं कारण वेगळं आहे. जमिनीतून काढलेलं तेल कमीत कमी वापरायचं असं ठरवलं आहे. त्याऐवजी स्क्वालेन नावाचं तेल वापरते. महाग आहे, हे मान्य.

---

एलआयटी_८९ । ९ डिसेंबर, संध्याकाळी ७.५५

या कारणाचा मी आदर करतो. स्क्वालेन हाही हायड्रोकार्बनच आहे, तीस कार्बन आणि बासष्ट हायड्रोजन. आपल्या चेहऱ्याच्या तेलात त्याचा सख्खा भाऊ स्क्वालीन असतोच. पूर्वी तो शार्कच्या यकृतातून काढत, आता ऑलिव्हमधून किंवा उसाच्या साखरेवर यीस्ट वाढवून काढतात. डबीवर स्रोत लिहिला आहे का बघून घ्या.

---

अजनीची_लेक । ११ डिसेंबर, सकाळी ८.१०

सिस्टर, तुमच्या पद्धतीने तीन दिवस झाले. काल रात्री बाबा एकदाच उठले खाजवायला.

पण आज सकाळी एक गोष्ट पाहिली आणि पोटात गोळा आला. मलम लावून झाल्यावर बाबा बोटं त्यांच्या पंचाला पुसतात. तोच पंचा गुंडाळून देवघरासमोर बसतात. आज खिडकीतून ऊन आलं तेव्हा दिसलं, मांडीवर हातभर कापड तेलकट होऊन पारदर्शक झालंय, आणि समोर वीतभर अंतरावर निरांजन तेवतंय. हे पेट घेऊ शकतं का? की मी उगाच घाबरते आहे?

---

सिस्टर_कुंदा । ११ डिसेंबर, सकाळी ८.२६

उगाच नाही. तो पंचा आत्ता काढून ठेव. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी याबद्दल लोकांना सावध केलं आहे. आधी पॅराफिनच्या मलमांबद्दल होतं, २०१८ मध्ये पॅराफिन नसलेल्या मलमांनाही तोच इशारा लागू केला. मलम ट्यूबमध्ये भडकत नाही. पण कापडात मुरलं की कापडाची वात होते. तुपात भिजवलेली फुलवात कशी एका काडीत धरते, तसंच. तिथले कित्येक जण सिगारेटच्या ठिणगीने, गॅसच्या शेगडीने जळून गेले, बहुतेक म्हातारे, चटकन हलता न येणारे.

धुतल्यावरही मलम पूर्ण निघत नाही. गरम पाण्यात, साबणात धू, तरी थोडं राहतंच. म्हणून मलमाचे कपडे वेगळे ठेव, त्यावर पूजेला बसायचं नाही, शेगडीजवळ जायचं नाही. गादीवरच्या चादरी वरचेवर बदल. शेकोटी पेटवता का गच्चीवर? मग तिथेही.

तेल लावणाऱ्यांनीही हेच पाळा. कापडाला खोबरेल काय अन् पॅराफिन काय, सारखंच.

---

एलआयटी_८९ । ११ डिसेंबर, सकाळी ९.००

सिस्टरांना पूर्ण अनुमोदन. एक भर घालतो. विदर्भात जवसाचं तेल घरोघरी असतं. जवसाच्या तेलाचे बोळे चुरगाळून ढिगात टाकले तर हवेतल्या ऑक्सिजनने ते आपोआप तापतात आणि कधीकधी पेटतातही, काडी लागत नाही. पॅराफिन असं तापत नाही. जवसाच्या तेलाचं फडकं पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

---

अंबाझरीकाठ । ११ डिसेंबर, रात्री ९.४५

मी वर लिहिलं तेव्हा तिसऱ्या गटाचा भाग वाचलेला नव्हता, काकांनी दाखवल्यावर वाचला. पण ओठांचं काय? लिपबाम तर पोटातच जातो. आणि लहान मुलांचं?

---

एलआयटी_८९ । ११ डिसेंबर, रात्री १०.२०

ओठांबाबत जास्त काटेकोर असणं योग्यच आहे. जर्मनीत २०१५ मध्ये एका ग्राहक संस्थेने क्रीम आणि लिपबाम तपासले, त्यांत त्या अॅरोमॅटिक कड्यांचे अंश सापडले. तिथल्या सरकारी जोखीम संस्थेने २०१८ मध्ये मत दिलं की शुद्ध खनिज तेलाच्या कॉस्मेटिकमुळे कातडीवाटे आरोग्याला धोका अपेक्षित नाही. मी स्वतः ओठांना तूप किंवा मधमाशीच्या मेणाचं मलम लावतो. पोटात जाणारच असेल तर खाता येईल ते लावावं, एवढाच हिशोब.

---

सिस्टर_कुंदा । ११ डिसेंबर, रात्री १०.५२

लहान मुलांचं मी सांगते. कातडीला लावायला हरकत नाही. भीती बाटलीची आहे. बेबी ऑइल पातळ असतं, मुलाने तोंडाला लावलं आणि ठसका लागला की सरळ फुप्फुसात पसरतं. खोकल्याने बाहेर येत नाही. अमेरिकेत २००१ मध्ये केलेल्या नियमाने अशा पातळ तेलांच्या बाटल्यांना मुलांना उघडता येणार नाही असं झाकण सक्तीचं आहे. आपल्याकडे साधं फ्लिपचं झाकण असतं, म्हणून बाटली उंच ठेवा. मुलाने प्यायलंच तर उलटी काढायला जाऊ नका, थेट दवाखाना गाठा.

नाकातही तेच. हिवाळ्यात नाक कोरडं पडतं म्हणून रोज रात्री नाकपुड्यांत जेली भरून झोपणारे आहेत. थोडं थोडं श्वासातून खाली उतरतं आणि महिन्यांनी न्यूमोनियासारखं दिसतं. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब टाका. घरी ऑक्सिजनचं मशीन लावलेला पेशंट असेल तर नळीजवळ, नाकाजवळ हे मलम अजिबात नको, तिथे पाण्याचं जेल वापरतात.

आणि तान्ह्या बाळाला एक्झिमा होऊ नये म्हणून आधीपासूनच रोज मलम चोळणं, याचा उपयोग दिसला नाही. ब्रिटनमध्ये १३९४ बाळांवर वर्षभर करून पाहिलं, एक्झिमा तितकाच झाला आणि कातडीचे संसर्ग उलट थोडे जास्त. कोरडेपणा असेल तर लावा. नसेल तर बाळाची कातडी आहे तशी राहू द्या.

---

धरमपेठकर । १२ डिसेंबर, सकाळी ७.४०

+१. मे महिन्यात काय करायचं? आमच्या आईंना बारा महिने लावायची सवय आहे.

---

सिस्टर_कुंदा । १२ डिसेंबर, सकाळी ८.०५

मे महिन्यात जाड मलम नको. घामाची तोंडं कोंडतात, पाठ-मान घामोळ्यांनी भरते. होळीला रंग खेळायच्या आधी एकदा लावलं की ते तेवढंच, मग डबी कपाटात. उन्हाळ्यात फारच कोरडं वाटलं तर पाण्याचं लोशन.

---

अजनीची_लेक । २६ डिसेंबर, रात्री ९.५०

बरेच जण विचारत होते म्हणून लिहिते. नडग्यांवरच्या भेगा मिटल्या आहेत, कातडी अजून खरखरीत आहे पण तडकलेली नाही. चादरीवर दोन आठवड्यांत रक्त दिसलेलं नाही. बहिणीला हा पूर्ण धागा पाठवला. तिने फोन करून निरांजनाचं दोनदा विचारलं.

जुना पंचा मलमासाठी वेगळा काढला. चूक होऊ नये म्हणून बाबांनी स्वतः त्याच्या कोपऱ्यात लाल दोरा ओवला. शेडमध्ये तेलाचं फडकं आणि कोरडं फडकं असंच वेगळं ठेवायचे म्हणे.

एकच अडचण राहिली आहे. रात्रीचं नियमित लावतात, सकाळचं लावूच देत नाहीत. आंघोळ झाली की पूजा, आणि पूजेला अंग तेलकट नको हा त्यांचा जुना नेम आहे. निरांजनाचं कळल्यापासून मीही आग्रह करत नाही. पण आंघोळीनंतर लगेच लावायचं म्हणता, आणि तीच वेळ हुकते.

---

सिस्टर_कुंदा । २६ डिसेंबर, रात्री १०.१५

मग आंघोळ कशाला हवी बेटा? पूजा झाली, जेवण झालं, की दुपारी सुती फडकं कोमट पाण्यात पिळून नडग्यांवर पाच मिनिटं ठेव. काढ, टिप, लगेच मलम लाव. ओल मिळाली म्हणजे झालं. रात्रीसुद्धा असंच करत जा.

---

अजनीची_लेक । २६ डिसेंबर, रात्री १०.२१

हे डोक्यातच आलं नव्हतं. बाबांना आत्ताच विचारलं, "दुपारी चालते" म्हणाले. उद्यापासून दुपारी.